धुळ्याला विसरलेली काठी

खानदेशातून परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "केळी आणली का?" नाही आणली. काठी आणली, आणि तीही इथूनच नेलेली. पुढं जे लिहितोय ते वाचून कोणाला खानदेशात जावंसं वाटलं तर जरूर जा, माणसं सोन्यासारखी आहेत आणि भरीत तर विचारू नका. फक्त तिथं कोणाला माझं नाव सांगू नका.

मी पुण्यात शारीरिक शिक्षणाच्या एका कॉलेजात शिकवतो. लांब पल्ल्याचं पळणं शरीराचं काय करतं, आणि पळून पळून दुखावलेला पाय पुन्हा पळता कसा करायचा, हा माझा अभ्यासाचा विषय. आमच्याकडे या अभ्यासासाठी जे धावपटू येतात त्यांना चांगले बूट असतात, मालिश करणारा असतो, दूध-अंडी असतात. तालुक्याच्या गावातली पोरं डांबरी रस्त्यावर कॅनव्हासच्या बुटात पळतात. त्यांचे पाय कुठं दुखतात, ती कशी बरी होतात, हे बघायला म्हणून मी पौषात, संक्रांतीच्या आधी निघालो. सामानात मोजपट्टी, स्टॉपवॉच, पायरीच्या चाचणीचं घडीचं लाकडी स्टूल, आणि हातात काठी.

काठीचं आधीच सांगून टाकतो. उन्हाळ्यात स्टाफच्या बॅडमिंटनमध्ये माझ्या डाव्या टाचेमागची जाड शीर तुटली. फट्‌ असा आवाज आला. मला वाटलं शटल फुटलं. ऑपरेशन झालं, प्लॅस्टर झालं, निघालं. ज्या सर्जन मित्रानं ती शीर शिवली तो दसऱ्याला घरी आला आणि म्हणाला, "आपट्याच्या पानांबरोबर ही काठीपण देऊन टाक कोणाला तरी. पाय झालाय तुझा." झाला होताच. मीच गेली कित्येक वर्षं वर्गात ओरडून सांगतोय की बरा झालेल्या पायावर भार टाका, रोज थोडा वाढवा, नुसत्या विश्रांतीनं पोटरी वाळते. पण तो फट्‌ आवाज कानातून जाईना. काठीशिवाय जिना उतरायचा म्हटलं की घाम फुटायचा. आणि खोटं कशाला बोलू, काठी असली की लोक वाट देतात, खुर्ची देतात, पिशवी उचलतात. आमची मंदा म्हणते, "काठीचा तुम्हाला आधार नाही, तुमचा काठीला आहे." बायकोनं असं म्हटलं की राग येतो, म्हणून राग आला.

बोदवड

भुसावळपर्यंत रेल्वे आणि पुढं एस.टी. गाडीत उभं राहायला जागा नव्हती. कंडक्टरनं माझी काठी बघितली आणि दाराजवळच्या 'अपंगांसाठी राखीव' या पाटीखाली बसलेल्या माणसाला उठवलं. तो माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा, डोक्याला पागोटं, मांडीवर कोंबडीची टोपली. तो उठला, टोपलीसकट उभा राहिला, आणि मी बसलो. खिडकीतून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडताना दिसत होत्या, मी त्याच बघत बसलो. वर बघितलं असतं तर म्हाताऱ्याशी नजरानजर झाली असती.

बोदवडला कॉलेजचे क्रीडाशिक्षक चौधरी सर न्यायला आले होते. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आवाज असा की स्टँडवरची कुत्रीही सावध होतात. माझ्या हातातलं सगळं सामान त्यांनी काढून घेतलं, काठी सोडून. "साहेब, एवढ्या दुखण्यात आले तुमी आमच्या गावाले, हे का कमी झालं?" असं म्हणून त्यांनी मला लुनावर मागं बसवलं आणि खड्डा आला की मागं वळून माझ्या पायाची माफी मागायला लागले.

मैदान म्हणजे कॉलेजमागची काळी जमीन. तिच्यावर रोलर फिरवलेला, कडेनं चुन्याची रेघ. पलीकडच्या जिनिंगमधून कापसाचं पीस उडत यायचं आणि पळणाऱ्या पोरांच्या घामेजल्या मानेला चिकटायचं. मी त्यांच्या पोटऱ्या मोजल्या, स्टुलावर चढउतार करायला लावून नाडी बघितली, कुठं दाबलं की दुखतं ते विचारलं. पोरं फार गोड. दुखलं तरी "नाही सर" म्हणायची आणि डोळे मिटायची. चहाच्या वेळी मला खुर्ची, बाकी सगळे जमिनीवर.

शेवटी चौधरी सरांनी एका मुलीला पुढं केलं. सुजाता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, बोलण्याआधी ओठ चावायची सवय. वडील रेल्वेत पॉइंट्समन. जिल्ह्यात लांब पळण्यात तिच्या पुढं कोणी नाही, असं सर म्हणाले. पावसाळ्यात तिच्या उजव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. फार पळणाऱ्यांना असं होतं, हाडाला दम खायला वेळ मिळाला नाही की ते आतून तडकतं. जळगावच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं, काढलं, नवा फोटो घेतला, हाड जुळलं म्हणून सांगितलं. ती आता सावकाश पळत होती. चार दिवसांनी धुळ्याला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. तिला न्यायचं की नाही, एवढंच सरांना माझ्याकडून हवं होतं.

मी नडगी दाबून बघितली. "इथं दुखतं?"

"नाही सर."

"इथं?"

"गुदगुल्या होतात."

एक्स-रे उजेडात धरून बघितला. स्वच्छ होता. आता राहिली शेवटची चाचणी, दुखऱ्या पायावर उड्या मारायची. त्या पायावर बेधडक उड्या मारता आल्या, दुखलं नाही, की माणूस पळायला मोकळा. पण आमच्यात एक रीत आहे, आणि ती मीच माझ्या विद्यार्थ्यांना घालून दिलेली: जे समोरच्याला करायला सांगायचं, ते आधी आपण करून दाखवायचं. भोवती सगळी पोरं कोंडाळं करून उभी. एका पायावर उड्या मारून कोणी दाखवायच्या? उजव्या पायावर दाखवता आल्या असत्या, हे आज सुचतंय. त्या वेळी नुसतं 'उडी' म्हटलं तरी कानात फट्‌ वाजलं.

मी काठी जमिनीवर टेकवली, घसा साफ केला आणि म्हणालो, "घाई नको. असं हाड परत तडकू शकतं. आणि दुसऱ्यांदा तडकलं तर लवकर भरून येत नाही. या हंगामात विश्रांती."

चौधरी सरांनी एक शब्द विचारला नाही. पुण्याहून माणूस आलाय, त्याला कळतं. तिथल्या तिथं तिचं नाव खोडलं आणि यादी संध्याकाळच्या गाडीनं धुळ्याला धाडून दिली. सुजातानं ओठ चावला, "बरं सर" म्हणाली आणि माझं लाकडी स्टूल घडी करून ठेवायला लागली.

रात्रीचं जेवण तिच्याच घरी. रेल्वेचं क्वार्टर, दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली खिळ्यांना टांगलेली सुजाताची पदकं. तिच्या आईनं कळण्याच्या भाकरी केल्या होत्या, ज्वारी आणि उडदाच्या पिठाच्या, काळसर आणि खमंग. सोबत ठेचा आणि तेल. आमच्याकडं पाहुण्याला पोळी वाढतात आणि भाकरी आतल्या आत खातात. इथं भाकरी सन्मानानं समोर येते आणि ती मोडली की आई पुढची टाकते, नको म्हणायची सोयच नाही.

वडील माझ्या शेजारी बसले होते. मला नाना म्हणा, सगळे नानाच म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. हात धुताना म्हणाले, "साहेब, हिचं हे शेवटलं वर्ष. विद्यापीठाच्या संघात लागली असती तं रेल्वेत खेळाडूच्या जागेवर अर्ज करता आला असता. आमी तेच धरून बसलो होतो. पन तुमी म्हन्ता तं तेच खरं. पोरीच्या पायापुढं नोकरी काय मोठी आहे? बरं झालं वक्तावर आले तुमी."

त्यांनी माझे आभार मानले. मी "अहो, त्यात काय" म्हणालो. त्यात काय होतं ते मला एकट्यालाच माहीत होतं.

असोदा

चौधरी सरांचं मूळ गाव असोदा, जळगावला लागूनच. धुळ्याला जाणाऱ्या संघासाठी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, मळ्यात भरिताचा बेत ठेवला होता. संघात नसूनही सुजाता आली होती. तिचं म्हणणं, पुऱ्या तळायला हात लागतात. माझ्या अंगाला ते वाक्य चटका देऊन गेलं.

असोद्याची वांगी मी पहिल्यांदाच बघितली. लांबट, हिरवट पांढरी, हातात धरली की वजनदार. आपल्याकडं वांगं गॅसवर भाजतात आणि त्याला भरीत म्हणतात, ते विसरून जायचं. इथं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग रचतात, पेटवतात, त्या जाळात वांगी टाकतात, आणि मग साल काढून बडगीत, म्हणजे होडीसारख्या लाकडी भांड्यात, मुसळीनं ठेचतात. वरून भाजलेली मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, खळखळीत तेल. जेवायला केळीचं पान. मळ्यात चोहोबाजूंनी केळीच, त्यामुळं ताटांची पंचाईत नाही.

बायका खळ्यावरच्या खोलीत पुऱ्या लाटत होत्या. पोरं जाळाभोवती. मला आंब्याखाली एकुलती एक खुर्ची. आबा, ऐंशीच्या घरातले, धोतर आणि पांढरी टोपी, स्वतः पऱ्हाट्या सरकवत होते. वारा फिरला आणि धूर सरळ आंब्यात शिरला. त्या आंब्यात आग्या मोहोळ होतं. ते कोणाच्या ध्यानात कसं आलं नाही देव जाणे. वरून एक घों असा आवाज आला आणि कोणीतरी ओरडलं, "मव्ह उठलं! पया! पया रे!"

पुढचं मी सांगतो तसं झालं, आणि झालं ते सगळ्यांनी बघितलं. मी ढुंगणाला पाय लावून पळालो. केळीच्या दोन रांगांमधून, पाण्याची सरी उडी मारून ओलांडली, वाळत घातलेल्या मिरच्या तुडवल्या, चौधरी सरांना मागं टाकलं, संघातल्या एका पोराला कोपरानं बाजूला केलं आणि खोलीच्या दारावर धडकलो. आत बायकांनी दार उघडलं. मी सगळ्यात आधी आत. खिडकीच्या गजाला धरून सुजाता उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. माझा हात रिकामा होता. काठी खुर्चीशी राहिली होती.

माश्या शांत व्हायला बराच वेळ गेला. बाहेर आलो तेव्हा आता कसं चालावं, हेच मला कळेना. धड चालावं तर लोकांना काय वाटेल? लंगडावं तर कशाच्या जोरावर? एवढ्यात आबा आले. काठी पंपाच्या पाण्यानं धुऊन, स्वतःच्या उपरण्यानं पुसून, दोन्ही हातांनी पुढं केली. त्यांच्या मानेवर आणि कानामागं गाठी उठल्या होत्या. ती काठी आणायला ते माश्यांत परत गेले होते.

"आबा, अहो कशाला गेलात?"

"पाव्हन्याची वस्तू वावरात कशी टाकाची?" ते म्हणाले.

आमच्या पुण्यात असतं तर तिथल्या तिथं पाचजणांनी माझ्या पायाचं निदान केलं असतं, सहाव्यानं वर्तमानपत्राला कळवलं असतं, आणि मी सुटलो असतो. इथं एक माणूस हसला नाही. पोरं माना खाली घालून पानं पुसत होती. चौधरी सर शिट्टीकडं बघत होते. पाहुण्याची फजिती बघायची नसते, म्हणून तीस-पस्तीस माणसांनी मिळून ती बघितलीच नाही. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी खरोखर वाटलं. मी काठी घेतली आणि खुर्चीकडं लंगडत निघालो. सवयीनं नाही, आता थांबता येईना म्हणून.

पंगत बसली. मी खुर्चीत, मांडीवर पाट, पाटावर पान. सुजाता भरीत वाढत आली. वाकून वाढताना, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "सर, तुमचा कोणता पाय दुखतो?"

"डावा," मी म्हणालो.

ती पुढच्या पानाकडं गेली. मग माझं लक्ष गेलं. काठी माझ्या डाव्या हातात होती आणि मी खोलीच्या दारापासून खुर्चीपर्यंत उजव्या पायानं लंगडत आलो होतो.

भरीत कसं होतं म्हणता? उत्तम असणार. सगळे बोटं चाटत होते. मला घास गिळताना ठसका लागला आणि आबांनी स्वतः पाणी आणून दिलं.

जेवणं झाल्यावर सुजाता पंपाच्या हौदावर भांडी विसळत होती. मी तिथं गेलो. काठी घेऊनच गेलो, कारण ठेवायची कुठं? "सुजाता, तुझ्या पायाला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "उड्यांची चाचणी घ्यायला हवी होती, ती मी घेतली नाही. मला स्वतःला मारून दाखवायची भीती वाटली. मग जे तोंडात आलं ते बोललो."

तिनं हातातलं पातेलं पालथं ठेवलं. "म्हणजे मी पळू शकते?"

"पळू शकतेस."

"मग तेव्हा 'नको' का म्हणाले?"

मी काठी हौदाला टेकवली आणि डाव्या पायावर उडी मारली. उडी कसली, टाच जमिनीवरून सुटली एवढंच. दुसरी जरा वर गेली. फट्‌ झालं नाही. मग तिनं ओढणी कमरेला बांधून उजव्या पायावर मारल्या, आधी दोन्ही हात हौदाला धरून, मग एक हात, मग मोकळ्या. चौधरी सर बघत बघत जवळ आले. मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"यादी तं गेली, साहेब," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "काय केलं हो हे तुमी!"

त्या सगळ्या प्रवासात मला कोणी रागानं बोललं असेल तर तेवढंच एक वाक्य. मला ते ऐकून बरं वाटलं, इतकी माझी अवस्था वाईट होती.

धुळे

एरंडोल, पारोळा करत एस.टी.नं धुळ्याला आलो. काठी मी छत्रीसारखी काखेत धरली होती. टेकावी तर ढोंग, न टेकावी तर आजवरचं ढोंग होतं याची कबुली. पोरं मला अजूनही पिशवी उचलू देत नव्हती.

सकाळी मैदानावर धुळ्याची थंडी अशी की तोंडातून वाफा. निवड समितीची माणसं टेबल मांडून बसली होती. चौधरी सर त्यांच्यापुढं अक्षरशः हात जोडून उभे राहिले. मीही गेलो. चूक माझी आहे, मुलीचा पाय ठणठणीत आहे, असं सांगितलं. समितीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. सज्जन होत्या. म्हणाल्या, "सर, यादीत नाव नसलेल्या एका मुलीला घेतलं तर उद्या चारजण येतील. नियम सगळ्यांना सारखा. तिला पळायचं तर सगळ्यांच्या मागून पळू दे, बिननंबराची. फार वेगळंच काही दिसलं तर पुढच्या शिबिराला बोलवायचं का ते बघू."

एवढी फट राहिली होती. बाकीच्या मुलींच्या छातीवर कापडी नंबर, सुजाताच्या कुडत्यावर काहीच नाही. शिट्टी झाली. मैदानाला वळसा, मग रस्त्यानं पांझरेच्या काठाकडं, आणि परत. सुरुवातीला ती मस्त पळत होती. मागून एकेकीला गाठत होती, पाऊल हलकं, खांदे सैल. वळणावर सगळ्या दिसेनाशा झाल्या. मी रेघेजवळ उभा, काठी दोन्ही हातांत आडवी धरून, आणि मनातल्या मनात कोणाकोणाला नवस बोलत होतो.

मुली परत यायला लागल्या. पहिली आली, दुसरी आली, घोळका आला. सुजाता नव्हती. सगळ्यात शेवटी ती आली, चालत. टेबलावरच्या बाईंनी कागद गोळा केले.

"दुखलं का गं?" मी धावत गेलो. हो, धावत.

"नाही."

"मग काय झालं?"

ती जमिनीकडं बघत होती. चेहरा लाल. तिलाच लाज वाटत होती, तिला! "उतारावर आले आणि तुमचं ते आठवलं, सर. हाड परत तडकू शकतं म्हणाले होते ना तुम्ही. मग ते जाईचना. पाऊल टाकलं की तेच. मग थांबूनच गेले."

मी आयुष्यभर दुखापतींवर काम केलं. दुखापत झाली की हाडाचं काय होतं, शिरेचं काय होतं, सगळं शिकवलं. ज्या पायाला काही नाही त्या पायाला एका वाक्यानं अधू करता येतं, हे मला त्या मैदानावर कळलं, आणि ते करणारा मीच होतो. माझी भीती मी पुण्याहून घेऊन गेलो आणि तिच्या पायात घालून आलो. मला तिच्याकडं बघवेना. चौधरी सर तिला म्हणाले, "चल माय, भूक लागली असंल." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

स्टँडसमोरच्या खानावळीत सगळे जेवलो. शेवभाजी, लालभडक तर्री, पोरं घाम पुसत खात होती. पैसे द्यायला गेलो तर चौधरी सरांनी खिशातला माझा हात धरून ठेवला. म्हणजे एवढं होऊनही मी पाहुणाच. त्यांची जळगावची गाडी उशिरा होती, माझी पुण्याची आधी. मी सगळ्यांचा निरोप घेतला. सुजाता पाया पडायला वाकली. मी मागं सरकलो, तरी पडलीच.

आणि मी काठी तिथंच, खानावळीच्या बाकाखाली ढकलून दिली. विसरलो नाही. मुद्दाम. ती घेऊन परत घरी जायची मला शरम वाटत होती. कोणी जळण करो, कोणी कपडे वाळत घालो. गाडीत जाऊन खिडकीशी बसलो. गाडी सुटली, स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, तेव्हा कुठं माझा श्वास मोकळा झाला.

"ओ सर! सर!"

मी मागं बघितलं. सुजाता पळत येत होती. हातात काठी, मशाल धरावी तशी उंच. ओढणी खांद्यावरून सुटलेली, पायात साधी चप्पल होती ती तिनं वाटेत कुठं टाकली होती कोण जाणे, अनवाणी डांबरावर ती पळत होती. एक सायकल, एक हातगाडी, एक रिक्षा मागं टाकली. पाऊल पडतंय ते कळू नये असं पळणं. पाहुण्याची वस्तू राहिली होती, बाकी तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

माझ्या तोंडात शब्द आला, "सावकाश!" अगदी ओठावर आला. मी हातानं तोंड दाबून धरलं. तो शब्द कसाबसा गिळला.

पलीकडच्या सीटवरची म्हातारी खिडकीतून डोकावून म्हणाली, "काय पयस वं पोर!" ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही, केला असेल तर मला कळलं नाही. सुजाता खिडकीला आली, गाडीबरोबर पळत राहिली, आणि काठी गजांतून आत सरकवली.

"विसरले तुम्ही, सर!"

मी काठी घेतली. ती थांबली, रस्त्याच्या मधोमध, गुडघ्यांवर हात ठेवून दम खात. गाडी पुढं निघाली होती. मी उठून, सीटांना धरत मागच्या काचेशी गेलो. ती सरळ झाली. खाली आपल्या उजव्या पायाकडं बघितलं, जणू तो तिला आत्ताच कोणी आणून दिला होता. मग तिथल्या तिथं त्या पायावर एक उडी मारली. आणि एक. मग गाडी वळली.

निवड होऊन गेली होती. तिचं शेवटचं वर्ष होतं. ते मला परत आणून देता येणार नव्हतं आणि ती मागायलाही आली नव्हती, काठी द्यायला आली होती. मी मागच्या काचेशी रडलो, चार माणसांत. लपवायला हातात काठीच होती फक्त.

कंडक्टर तिकिटं काढत माझ्यापर्यंत आला. काठी बघितली, माझे डोळे बघितले. दाराजवळच्या राखीव सीटवर एक माणूस झोपला होता, त्याचा खांदा हलवत तो म्हणाला, "ऊठ रे भो, बाबाले बसू दे. बसा आठे बाबा, ही जागा तुमनीच शे."

"नको," मी म्हणालो. "त्यांना झोपू द्या. माझा पाय चांगलाय."

मोठ्यानं म्हणालो. दोन-तीन माणसांनी वळून बघितलं. माझी जागा तोवर दुसऱ्या कोणीतरी धरली होती. काठी वरच्या फळीवर टाकली आणि मालेगावपर्यंत दोन्ही पायांवर उभा राहिलो.